ओसरीवरचा रिकामा पाट

विश्वनाथशास्त्री नाटक शिकवायला बसले की पोथी सोडण्याआधी एक पाट उपरण्याच्या टोकाने पुसून समोर मांडीत. त्या पाटावर कोणी बसत नसे. नाटकातल्या ज्या पात्राविषयी बोलायचे, त्याची ती जागा होती. "पाठीमागे बोलायला चव्हाटा आहे," ते म्हणत. "इथे त्याच्या तोंडावर बोला."

शनिवार पेठेत नदीच्या अंगाला एका लहानशा देवळाच्या ओसरीवर तिसऱ्या प्रहरी हा पाठ चाले. मी तेथे जाऊ लागलो तेव्हा माझे कानशिलांवरचे केस पिकले होते. लहानपणी वेदपाठशाळेत पुष्कळ पाठ केले. अर्थ विचारण्याची तेथे रीत नव्हती. पुढे सरकारी दफ्तरात कारकुनी केली, म्हणजे दुसऱ्यांचे शब्द सुवाच्य उतरून काढले. आपले असे काही चारचौघांत बोलावे, याची जिभेला सवय नव्हती. पहिल्या दिवशी मी खांबाच्या आड बसलो. शास्त्रींनी पोथीतून मान वर न करता म्हटले, "खांबाला नाटक कळत नाही. त्याच्या पुढे या."

त्या नाटकात एक किल्लेदार शत्रूला दार उघडून देतो. बापूराव म्हणून एक जहागीरदारांचे चिरंजीव आमच्यात होते. त्यांनी निकाल देऊन टाकला, "फितूर तो फितूर. यात शिकायचे काय?"

"तो समोर बसला आहे, बापूराव. त्याला सांगा."

बापूरावांनी रिकाम्या पाटाकडे पाहिले आणि ते थोडे अवघडले. शास्त्री म्हणाले, "आता विचारा, दार उघडण्याआधी तो कोणाशी बोलला? कोणाशीच नाही. तीन अंकांत त्याला एकही माणूस 'तुमचे काय म्हणणे' असे विचारीत नाही. नाटककर्त्याने हे उगीच केलेले नाही. फितुरी क्षमेला पात्र आहे असे मी म्हणत नाही. त्याचे भाषण पुरे होऊ द्या, मग फाशी द्या."

मात्र पोथीत नाही ते कोणी पात्राच्या तोंडी घातले की ते हात वर करीत. "पदरचे घालू नका. दया आली तरी घालू नका." एखादी ओळ कोणी मागाहून घुसडली असावी अशी शंका असेल, तर दुसऱ्या प्रतीचा आधार मिळेपर्यंत ती ते वाचीतच नसत. आधार मिळाला की समाधानाने मान हलवून म्हणत, "ही ओळ मूळची."

आणि तरीही त्याच नाटकाचा चौथा अंक ते दर खेपेस सोडून देत. त्या अंकात किल्लेदार आपल्या मुलाला घराबाहेर काढतो. "हा अंक सोपा आहे. घरी वाचा," एवढे बोलून शास्त्री पाने उलटीत. कारण सर्वांना ठाऊक होते. त्यांचा एकुलता मुलगा वामन त्यांच्यापाशीच शिकला होता. पात्रे बसून समजून घेण्यापेक्षा ती स्वतः होऊन पाहावीत, असे त्याला वाटू लागले आणि एके दिवशी तो सोंगे घेणाऱ्या तमासगिरांच्या फडात गेला. निरोप घ्यायला आला तेव्हा शास्त्रींनी त्याला एक शब्द बोलू दिला नाही. दार लावून घेतले. पत्नी आधीच वारली होती. तेव्हापासून मंडईतली भाजी तेच आणीत, तेच चिरीत, तेच शिजवीत. "दोन पाने मांडायची सवय मोडायला फार दिवस लागले," असे एकदा ते मला म्हणाले, आणि लगेच त्यांनी पुढच्या श्लोकाचा अन्वय लावायला सांगितला.

तेच नाटक पुन्हा शिकवताना चौथा अंक आला, पुन्हा शास्त्रींनी पाने उलटली आणि ते पाट उचलू लागले. मी कसा उठलो ते मला सांगता येणार नाही. मी त्यांच्या हातातून पाट घेतला, उपरण्याने पुसला आणि पुन्हा मांडला.

"अरे वा," बापूराव म्हणाले, "आज खांबच चालू लागला."

शास्त्री हसले नाहीत. "कोण बसले आहे?" त्यांनी विचारले.

"किल्लेदाराचा मुलगा."

"बोला त्याच्या वतीने. पोथीतले तेवढेच."

मी म्हणालो, "त्याला कर्त्याने भाषणच दिलेले नाही. पण बाहेर पडताना तो उंबऱ्याशी वाकतो आणि बापाच्या पादुका पायात घालता येतील अशा सरळ करून ठेवतो, एवढे लिहिले आहे. रागावून जाणारा माणूस हे करील, असे मला वाटत नाही."

शास्त्रींनी पोथीतले ते पान काढले, डोळ्यांजवळ धरून वाचले. "हे मी कधी शिकवले नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी पोथी बांधली.

चार दिवसांनी ते दफ्तराच्या दाराशी येऊन उभे राहिले. "उद्या रजा घ्या. धायरीला उत्सव आहे. फड तिथे आला आहे, म्हणतात. एकट्याने जाववत नाही."

धायरीला पोहोचलो तेव्हा उन्हे उतरली होती. वडाखाली गाव जमले होते. आम्ही मागे उभे राहिलो. वामनाने एका म्हाताऱ्या शास्त्रीचे सोंग घेतले होते. तो वाकत आला, त्याने एक पाट पुसून मांडला आणि त्या रिकाम्या पाटाला तो खडसावून प्रश्न विचारू लागला. लोक हसून लोळू लागले. मला शास्त्रींकडे पाहण्याचे धैर्य होईना. शेजारच्या शेतकऱ्याने डोळे पुसत त्यांनाच विचारले, "बुवा, असलं म्हातारं खरंच कुठं हाय का हो?"

"पुण्यात आहे एक," शास्त्री म्हणाले. "अजून मरायचे आहे."

ते शेवटपर्यंत उभे राहिले. सोंग संपल्यावर मी म्हणालो, "भेटावयाचे ना?" त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि ते वाटेला लागले. गाव मागे पडल्यावर म्हणाले, "टिंगलच करायची तर पाट नुसता आपटला असता तरी चालले असते. त्याने तो पुसून मांडला."

ते येऊन गेल्याचे वामनाला कोणीतरी सांगितले असावे. काही दिवसांनी पाठ चालू असताना तो ओसरीच्या पायरीवर उभा राहिला. त्याच्या भुवईत सोंगाची काजळी राहिली होती. पाट मांडलेला होता. शास्त्रींनी हाताने तो दाखवला. वामन त्यावर बसला. त्या पाटावर खरे माणूस बसलेले मी प्रथमच पाहत होतो.

"बोला," शास्त्री म्हणाले. पात्रांना ते नेहमी असेच आदराने म्हणत.

वामन बोलला नाही. मान खाली घालून बसून राहिला. प्रत्येक मुक्या पात्राचे मन उलगडून दाखवणारे शास्त्री त्या दिवशी नुसते वाट पाहत राहिले. ऊन ओसरीवरून उतरून गेले. मग वामन उठला, त्याने दुरून नमस्कार केला आणि तो निघून गेला. शास्त्रींनी त्याला हाक मारली नाही.

पाठ आटोपून आम्ही उठलो. शास्त्रींच्या खडावा पायरीच्या तोंडाशी, बोटांची बाजू बाहेर करून, शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. ते थांबले. "या आपण ठेवल्या?"

"मी भिंतीशी ठेवल्या होत्या," मी म्हणालो. तेवढेच खरे होते. पुढे जे म्हणावेसे वाटले ते मी म्हटले नाही.

त्यांनी खडावांत पाय घातले, खांबाला धरून क्षणभर उभे राहिले. "ही ओळ मूळची," असे म्हणाले आणि घराकडे गेले.

त्याच वर्षी थंडीत शास्त्री वारले. वामनाचा फड कोणत्या मुलखात होता ते कोणालाच ठाऊक नव्हते. अग्नी पुतण्याने दिला. पाट माझ्याकडे आला. दोघे-तिघे शिकायला येतात. मी तो पुसून मांडतो आणि चौथा अंक सोडीत नाही. वामन आला त्या दिवशी देवळात दर्शनाला आणखीही माणसे येऊन गेली होती. खडावा कोणीही हलवल्या असतील. दुसऱ्या प्रतीवाचून एक अक्षर न स्वीकारणाऱ्या शास्त्रींनी ती एक ओळ आधाराशिवाय स्वीकारली, असे मी विद्यार्थ्यांना सांगू शकेन. पण पाट समोर असतो, आणि शास्त्रींच्या तोंडावर मला तसे म्हणवत नाही.