क्रूसापासून दारापर्यंत

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या जागा कागदावर काढल्या. अंधेरीला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. माझी एक खोड होती. जागेवर जे दिसतं ते नकाशात आलंच पाहिजे: विजेचा खांब, नारळाचं झाड, उघडं गटार, कुणीतरी बाहेर मांडून ठेवलेलं पाण्याचं पिंप. साहेब वैतागायचे. म्हणायचे, "अरे, बिल्डिंगचा नकाशा काढतोयस, गावाची जत्रा नाही." मी ऐकायचो नाही. माझा नकाशा हातात असला तर नवखा माणूससुद्धा न विचारता जागेवर पोचेल, असा मला माज होता. रिटायर झालो तरी माज काही रिटायर झाला नाही, आणि त्यापायी माझ्याच मुलीची वाट लागायची वेळ आली.

मुलगी बिअर बनवते. हे वाक्य मी आता सहज लिहितो. पहिल्यांदा चर्चच्या पायऱ्यांवर कुणाला सांगताना मला खोकला आला होता. तिने केमिस्ट्री केली, मग बेंगळुरूला एका पबमध्ये तीन वर्षं काढली. तो पब आपली बिअर आपल्याच टाक्यांत बनवायचा आणि तिथल्या तिथे विकायचा. परत आली ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन: आमच्या मालाडच्या गावठाणात माझ्या वडिलांचा सुतारकामाचा कारखाना कित्येक वर्षं बंद पडला होता, तिथे तिला स्वतःचा असा पब काढायचा होता. तिने मला आणि तिच्या आईला समोर बसवून सांगितलं, "वर्षभरात लायसन्स मिळालं तर मी इथेच राहीन. नाही मिळालं तर बेंगळुरूवाले परत बोलावतायत, मी जाईन." धमकी नव्हती ती. ती खरंच गेली असती, आणि मला ते नको होतं. एकुलती एक आहे, आणि तीन वर्षं फोनवर "जेवलीस का" विचारून माझा जीव मेटाकुटीला आला होता.

लायसन्सचं काम म्हणजे कागदांचा डोंगर. महापालिकेचा परवाना वेगळा, आगीचा वेगळा, एक्साइजचा वेगळा. बिअर जिथे बनते आणि लोक जिथे पितात, त्यांच्यामध्ये भिंत हवी. कुठली टाकी किती लिटरची, कुठला पाइप कुठून कुठे जातो, ते सगळं नकाशात दाखवायला हवं. मुलगी एजंट बघत होती. मी म्हटलं, "घरात ड्राफ्ट्समन असताना बाहेरचा माणूस कशाला?" बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, "आता हा सहा महिने खाली बघून बसणार." सहा महिने नाही, पाच आठवडे बसलो. संगणकावर नाही, बोर्डावर, हाताने. नंतर मुलीने नकाशा संगणकात चढवून घेतला, पण मूळ माझ्या हातचा होता, आणि तो देखणा झाला होता हे मी आजही म्हणेन.

एक्साइजची अधिकारी जागा बघायला आली ती माझ्या मुलीच्याच वयाची. सांगलीकडची असावी, बोलण्यात तिकडचा हेल होता. नकाशा टेबलावर पसरून ती बराच वेळ बघत राहिली. टाक्या बघितल्या, मधली भिंत बघितली, मान डोलावली. मग तिचं बोट नकाशाच्या कडेला गेलं.

"काका, हे काय आहे?"

"आमचा क्रूस," मी म्हटलं.

आमच्या गल्लीत आत एक दगडी क्रूस आहे. प्लेगच्या साथीत पूर्वजांनी उभारलेला, असं सांगतात. कारखान्याच्या दारापासून जेमतेम चाळीस पावलं. मी तो नुसता दाखवला नव्हता. त्याचा चौथरा काढला होता, पायऱ्या काढल्या होत्या, आणि शेजारी माझ्या सगळ्यात सुंदर अक्षरात लिहिलं होतं: पवित्र क्रूस, प्रार्थनास्थळ.

"प्रार्थनास्थळापासून ठरावीक अंतराच्या आत दारूचं लायसन्स देता येत नाही," ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. मुलीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, आणि तेच वाईट होतं. लहानपणी तिच्या वाढदिवसाचा केक माझ्या हातून पडला होता तेव्हाही तिने असंच बघितलं होतं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात म्हणतात, तो मी पाच आठवडे घासून, गुळगुळीत करून पाडला होता.

पण बाई प्रामाणिक होती. तिने नियम वाचून दाखवला. धार्मिक संस्था म्हणजे नोंदणी झालेल्या ट्रस्टच्या ताब्यातली, असं त्यात होतं. तिने विचारलं, "या क्रूसाचा ट्रस्ट आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग आमच्या हिशेबी हे प्रार्थनास्थळ होत नाही. तसं लेखी द्या, फाइल पुढे जाईल."

मुलीने सुटकेचा निःश्वास सोडला. मी मात्र घामाघूम झालो होतो. ट्रस्ट नव्हता हे खरं होतं. पण त्या ट्रस्टचा अर्ज माझ्याच कपाटात पडून होता.

झालं असं होतं, की गल्ली रुंद होणार आणि त्यात क्रूस जाणार अशी बोलणी आदल्या वर्षापासून चालली होती. क्रूसाच्या बाजूने बोलायला कायद्याने कुणीतरी हवं, म्हणून गावठाणाने ट्रस्ट नोंदवायचं ठरवलं. सगळ्यांच्या सह्या गोळा केल्या होत्या एका म्हातारीने. आम्ही तिला माय म्हणतो. क्रूसाला रोज फूल वाहणारी, दिवा लावणारी तीच. तिने अर्ज माझ्याकडे दिला, कारण ऑफिसातली कामं मला जमतात असा तिचा समज. रस्त्याबद्दल हरकती नोंदवायची मुदत महिनाअखेरीस संपणार होती, आणि त्याआधी अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यायचा होता.

मी तो दिला नाही. लायसन्स एकदा हातात पडलं की मग देऊ, असं मनाशी म्हटलं. मुदतीचं काय, ते मनाला विचारलंच नाही. अकरा दिवस अर्ज कपाटात, कपड्यांच्या खाली. चौथ्या दिवशी माय मासळी घेऊन येताना भेटली.

"काय रं, कागद दिलास का?"

"साहेब रजेवर हाय, माय," मी म्हटलं. इतकं सहज म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. तिने पिशवीतले दोन बोंबील काढून माझ्या हातावर ठेवले. म्हणाली, "तुला त्रास देते ना मी." ते बोंबील बायकोने तळले. माझा मी मुलीच्या ताटात सरकवला.

बायकोला कळलंच. तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण मी इस्त्रीचे कपडे स्वतः कपाटात ठेवायला लागलो होतो, आणि एवढा बदल लग्नानंतर कधी झाला नव्हता. ती फक्त म्हणाली, "पोरीला तू सांगतोस की मी सांगू?"

मुलगी कारखान्यात होती. टाक्या अजून यायच्या होत्या. जमिनीवर खडूने त्यांचे गोल काढून ती मध्ये उभी होती. मी सगळं सांगितलं. अर्ज, कपाट, माय, बोंबील. तिने खडू खिडकीत ठेवला.

"पापा, तू माझ्यासाठी मायशी खोटं बोललास?"

"तू जाशील म्हणून," मी म्हटलं.

"आणि क्रूस गेला तर? मी रोज त्या गल्लीतून जाऊ कशी? लोकांना तोंड कसं दाखवू?" तिचा आवाज चढला आणि तिथेच फुटला. "उद्या जा आणि अर्ज दे. माझं मी बघते."

दुसऱ्या दिवशी दिला. पोच घेतली, शिक्का नीट उमटलाय का ते दोनदा बघितलं. परतताना रिक्षात मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मुलीचं लायसन्स माझ्या हातांनी बुडवून मी घरी चाललो होतो. एक्साइजच्या बाईलाही मी खरं काय ते पत्राने कळवलं: इथे प्रार्थना होते, ट्रस्टचा अर्ज आजच केला आहे, आधी सांगायला हवं होतं, चूक माझी.

तिचा फोन आला. मला वाटलं झापणार. ती म्हणाली, "काका, नियम पुढे वाचलात का? अंतर कसं मोजायचं ते?"

वाचलं नव्हतं. पस्तीस वर्षं नियमांत बसणारे नकाशे काढले आणि पुढचं पान उलटलं नव्हतं. अंतर सरळ रेषेत मोजत नाहीत. दारापासून दारापर्यंत, माणूस रोज ज्या वाटेने चालत जाईल त्या वाटेने मोजतात. हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. कारखान्याची पाठ मोठ्या रस्त्याला आहे. दार गल्लीत आहे ते माझ्या वडिलांनी तिथे ठेवलं म्हणून. लाकूड हातगाडीवरून गल्लीतून यायचं. दार तिथेच असतं, हे माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की नकाशात सगळं दाखवताना ते हलवता येतं हे दिसलंच नाही. मोठ्या रस्त्याकडे दार फोडलं तर क्रूसाकडे जायला माणसाला दुकानांच्या रांगेवरून, कोपऱ्यावरच्या गिरणीला वळसा घालून गल्लीत शिरावं लागेल. आणि पिऊन बाहेर पडणारा क्रूसासमोर येणारच नाही. नियम केला तो त्यासाठीच असणार.

बाईने एकच अट घातली. गल्लीतल्या दाराला नुसतं कुलूप चालणार नाही, पक्की भिंत हवी. वडिलांच्या हातची सागवानी चौकट काढताना मी तिथे उभा राहिलो नाही. चर्चमागे जाऊन बसलो. रडलो म्हटलं तरी चालेल.

नवा नकाशा चार दिवसांत काढला. क्रूस त्यातही होता, त्याच अक्षरात. बाई मोजायचं चाक घेऊन आली आणि नव्या दारापासून ढकलत निघाली. मुलगी तिच्या मागे, मी मुलीच्या मागे. गिरणीच्या कोपऱ्यावर एक टेम्पो आडवा होता, तो हलेपर्यंत सगळे थांबलो. क्रूसापाशी येऊन बाई अडखळली. क्रूसाला ना फाटक ना कुंपण. मोजणी संपवायची कुठे?

माय तिथेच होती, दिव्यात तेल घालत. ती म्हणाली, "माणसं गुडघे टेकतात तिथं. आनखी कुठं?" बाईने चाक तिथे थांबवलं. आकडा बघितला, वहीत लिहिला, मग माझ्याकडे बघून हसली. हवं होतं त्याहून नऊ मीटर जास्त भरलं होतं. मुलगी मटकन चौथऱ्याच्या पायरीवर बसली आणि दोन्ही हातांत तोंड लपवलं. तिची आई नंतर म्हणाली, ती इतकी रडली तर मग हसायचं कधी? पण हसलीही, घरी आल्यावर, कारण नसताना, बराच वेळ.

पुढेही महिने गेले. आगीचा परवाना अडला, टाक्या बंदरात अडकल्या, पहिल्या बिअरचा नमुना तपासणीला गेला तेव्हा मुलगी दोन दिवस धड जेवली नाही. पण लायसन्स आलं. क्रूसाचा ट्रस्ट त्याच्या आधीच नोंदला गेला होता, आणि गल्लीची आखणी क्रूसाला धरून बाजूने वळली.

यंदा मे महिन्यात क्रूसापाशी लादीन झाली. सगळे गल्लीत उभे राहून प्रार्थना गातात, मग उकडलेले चणे वाटतात, आणि चण्यांबरोबर मोठ्यांना एकेक घोट; ही आमच्यातली जुनी रीत. लोकांनी मुलीला म्हटलं, या वेळी घोट तुझ्या बिअरचा. ती म्हणाली, "माझी बिअर दाराबाहेर आणता येत नाही, लायसन्समध्ये नाही बसत. तुम्हालाच यावं लागेल." मग गावठाणच्या गावठाण चणे मुठीत धरून निघालं. गल्लीतून, गिरणीला वळसा, दुकानांच्या रांगेवरून. भिंतीपलीकडे चाळीस पावलांवर बिअर होती आणि आम्ही लांबून चाललो होतो.

माय माझ्या हाताला धरून चालत होती. तिचे गुडघे दुखतात. कोपऱ्यावर दम खायला थांबली तेव्हा मी म्हटलं, "माय, तो साहेब रजेवर नव्हता."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "मी गेलते तिथं. दुसऱ्याच दिवशी गेलते. साहेब बसला व्हता चाय पीत."

अकरा दिवसांतले कितीतरी दिवस ती मला रोज भेटली होती, आणि एकदाही काही बोलली नव्हती.

"मग मला विचारलं का नाहीस?"

"तुझी पोर परत आलेली," माय म्हणाली. "माझी दोन्ही तिकडं कॅनडात. म्हटलं, याला जरा वेळ देऊ. देईल तो कागद." तिने मुठीतले चणे दुसऱ्या हातात घेतले आणि पुन्हा माझा दंड धरला. "चल आता. सगळे पुढं गेले."

दारात मुलगी उभी होती. मायला बघून ती दोन पायऱ्या उतरून खाली आली आणि तिने मायचा दुसरा हात धरला.