प्रायोजकांना भावपूर्ण निरोप

कचरू ओव्हाळच्या तावडीतून निरोप समारंभाशिवाय आजवर कुणी सुटलेलं नाही.

खडकीच्या फॅक्टरीत आम्ही दोघांनी एकाच शॉपमध्ये, म्हणजे एकाच खात्यात, तीस वर्षं काढली. आमच्या शॉपची एक रीत होती. माणूस निवृत्त झाला की शाल, हार, मानपत्र द्यायचं, मग सगळ्यांनी त्याला गेटपर्यंत चालत सोडायला जायचं, आणि गेट ओलांडताना त्यानं मागं वळून बघायचं नाही. बघितलं तर म्हणे माणूस पेन्शनीत रमत नाही. ही सगळी व्यवस्था कचरूकडे असायची. बदली होऊन शेजारच्या इमारतीत गेलेल्या एका कारकुनालाही त्यानं असा निरोप दिला होता. दुसऱ्या दिवशी तो कारकून आमच्याच कॅन्टीनमध्ये जेवायला आला, तेव्हा कचरू त्याच्याकडे असा बघत राहिला की त्या बिचाऱ्याला घास गिळवेना.

मानपत्रं लिहायचं काम माझं. अठरा साली मी निवृत्त झालो तेव्हा माझं मानपत्रही मलाच लिहावं लागलं. "तुमच्याबद्दल तुमच्याइतकं चांगलं कोण लिहिणार, बापूराव?" असं कचरूचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं.

नारळ मात्र कचरू देत नाही. त्याचे वडील छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. नारळाऐवजी तो संविधानाची प्रास्ताविका देतो, काचेच्या फ्रेममध्ये. "नारळ खाऊन संपतो, ही वाचून संपत नाही," असं तो प्रत्येक समारंभात सांगतो, आणि प्रत्येक समारंभात लोक टाळ्या वाजवतात.

आता शर्यतीबद्दल. फॅक्टरीतले आम्ही सगळे सायकलवाले, म्हणून कचरूनं शहाण्णव साली कामगार सायकल शर्यत सुरू केली. खडकी ते वडगाव आणि परत, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रविवारी. जुना मुंबई रस्ता त्या सकाळी पोलीस आम्हाला देतात, ते केवळ शर्यत परंपरागत आहे म्हणून. पुण्यात परंपरा म्हटलं की पोलीसही रस्ता सोडतात. पण एका वर्षाचा खाडा पडला की परंपरा संपली, मग पुन्हा रस्ता मिळणं नाही. त्याच रविवारवर एक मॅरेथॉनवाली कंपनी तीन वर्षांपासून डोळा ठेवून बसली होती.

कोरोनाच्या वर्षी सगळ्यांनी हात टेकले. कचरू एकटा पहाटे काळी सायकल काढून वडगावला जाऊन आला आणि पोलीस चौकीत लिहून दिलं: शर्यत शांततेत पार पडली, स्पर्धक एक, विजेता एक, जखमी कुणी नाही. तो कागद फायलीला लागला आणि परंपरा वाचली.

आता ते दिवस राहिले नाहीत. आता पोलिसांना अँब्युलन्स लागते, विमा लागतो, शंभर तरी स्पर्धक लागतात, आणि ह्या सगळ्याला प्रायोजक लागतो. आम्हाला तीन होते. एक चहाची कंपनी, एक बुटांची कंपनी आणि सुवर्णसंचय पतपेढी. तिघांची नावं जर्सीवर छापून पोरं जुन्या हायवेवर पळत होती आणि सगळं सुरळीत चाललं होतं. मग आप्पासाहेब सापडले.

आप्पासाहेब म्हणजे पन्नाशीवरच्या गटातले आमचे सगळ्यात ज्येष्ठ स्पर्धक, वय एकसष्ट. गेल्या वर्षी राज्य संघटनेनं उत्तेजकांची तपासणी करणारे लोक पाठवले होते. त्यांनी चिठ्ठी काढली, आणि नेमका आप्पासाहेबांचा नंबर निघाला. गुडघ्यांसाठी ते रस्त्याकडेच्या कुठल्याशा तंबूवाल्या वैदूकडून ताकदीच्या पुड्या आणून दुधातून घेत होते. त्यात स्टेरॉइड निघालं. विशेष म्हणजे त्या शर्यतीत आप्पासाहेब शेवटून दुसरे आले होते, आणि शेवटचा जो आला त्याची सायकल देहूरोडला पंक्चर झाली होती.

चौकशीत त्यांना विचारलं, "ह्या औषधानं तुमच्या कामगिरीत काय फरक पडला?"

"आधी मी शेवटचा यायचो," आप्पासाहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी आली. त्यांना त्याचं दुःख झालं म्हणाल तर अजिबात नाही. बंदीचं पत्र त्यांनी दिवाणखान्यात लावलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, की परदेशातल्या मोठमोठ्या सायकलपटूंवर जी वेळ येते ती आपल्यावर आली. पण बातमी पेपरात आली आणि प्रायोजक बिथरले. परदेशात मोठ्या कंपन्या असल्या प्रकरणांत संघ सोडून जातात, हे आम्ही ऐकून होतो. खडकीतही तेच होईल असं काही वाटलं नव्हतं. शेवटून दुसऱ्यासाठी कोण एवढं मनाला लावून घेतं?

चहा कंपनीनं लावून घेतलं. त्यांचा मॅनेजर अभिनव, चांगला सुशिक्षित मुलगा. त्यानं दोन ओळींचा मेल पाठवला की अपरिहार्य कारणांमुळे आम्ही यापुढे सहभागी होऊ शकत नाही. मी मेल वाचून दाखवला. कचरू दुखावला, पण वेगळ्याच गोष्टीनं.

"नऊ वर्षं आपल्याबरोबर होते. असे कसे मेलवर जातील? गेटपर्यंत सोडायला नको?"

मी म्हणालो, "अरे, त्यांना गुपचूप जायचंय."

"गुपचूप चोर जातो, बापूराव. तुम्ही मानपत्र लिहा."

मी लिहिलं. चूक माझीही आहे, कबूल करतो. मानपत्र लिहायला बसलो की माझा हात थांबत नाही. 'आमच्या आप्पासाहेबांनी उत्तेजक घेतल्यामुळे आपण व्यथित अंतःकरणाने आम्हाला सोडून जात आहात' हे वाक्य मीच लिहिलं, आणि मला ते तेव्हा फार आवडलं होतं.

अभिनवला वाटलं, हिशेबाच्या सह्या असतील, म्हणून तो एकटाच आला. हॉलमध्ये दीडशे माणसं, स्पीकर, दोन वार्ताहर. त्याला शाल घातली, प्रास्ताविका दिली, हार घातला. मी मानपत्र वाचताना त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी दीडशे माणसं त्याला कंपनीच्या गाडीपर्यंत सोडायला गेली आणि कचरूनं त्याला मागं वळून बघू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात पान तीनवर फोटो आला. नुसता चेहरा, गळ्यात हार, खाली 'भावपूर्ण निरोप'. बाकी मजकूर शेजारच्या जाहिरातीखाली गेला होता. अभिनवच्या घरी सकाळी सातपासून सांत्वनाचे फोन सुरू झाले. बुलढाण्याहून त्याची सासू गाडी करून निघाली. ती दारात पोचली तेव्हा दार त्यानंच उघडलं, तर बाई तिथंच खाली बसली.

ही गोष्ट पुण्यात पसरायला किती वेळ लागणार? बुटांच्या कंपनीच्या मॅनेजरनं तर आम्हाला सोडल्याचं कळवलंच नाही, थेट इंदूरला बदली करून घेतली. कचरू त्याचा पत्ता शोधत होता. मी शपथ घालून त्याला थांबवलं.

राहिली पतपेढी. तिचे अध्यक्ष दत्तप्रसाद हे सावध गृहस्थ. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बापूराव, आम्हीही प्रायोजकत्व थांबवतोय. पण सत्कार नको, हार नको, फोटो तर मुळीच नको."

मी कचरूला जसंच्या तसं सांगितलं. तो गंभीर झाला. "मोठा माणूस आहे. नको म्हणणं त्यांना शोभतं. पण आपण ऐकणं आपल्याला शोभत नाही." हार नको म्हणाले म्हणून त्यानं हार आणला नाही, फोटो काढला नाही. चौकात दहा बाय वीसचा फ्लेक्स लावला: 'सुवर्णसंचय पतपेढीस भावपूर्ण निरोप. शुभेच्छुक: समस्त खडकीकर.'

सकाळी नऊ वाजता पतपेढीच्या शटरपुढं रांग होती. लोक पासबुकं घेऊन आले होते. काही पेन्शनर तर घडीच्या खुर्च्या घेऊन आले होते, म्हणजे दिवसभराची तयारी. दत्तप्रसाद स्टुलावर उभे राहून घसा फोडून ओरडत होते, "पतपेढी कुठंही जात नाही! आम्ही इथंच आहोत! कुणालाही सोडून चाललेलो नाही!"

गर्दीतून एकटा कचरू टाळ्या वाजवू लागला. डोळ्यांत पाणी. "म्हणजे शर्यतीलाही सोडून जात नाही! साहेब, तुमचे उपकार!"

दत्तप्रसादांनी रांगेकडे बघितलं. रांगेनं त्यांच्याकडे बघितलं. नाही म्हणायची सोयच नव्हती. "नाही जात," ते म्हणाले आणि स्टुलावरून उतरले. रांग पांगली, आणि शर्यतीला प्रायोजक मिळाला.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. "विमा, अँब्युलन्स, जर्सी, सगळं देतो. पण ते ओव्हाळ समितीत नकोत. आजच्या तारखेपासून. हा माणूस उद्या मला वर पोचवेल. ते राहणार असतील तर मी शटर पाडून जाईन, पण पैसा देणार नाही."

समितीची बैठक झाली. शर्यतीला पाच आठवडे उरले होते. दुसरा प्रायोजक मिळणं शक्य नव्हतं. आमच्या नावाला सगळे घाबरत होते, आप्पासाहेबांच्या पुड्यांना कमी आणि कचरूच्या शालीला जास्त. एकोणतीस वर्षांची शर्यत ठेवायची की ती सुरू करणारा माणूस? सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि त्याला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मानपत्रं मी लिहितो ना!

मी बोपोडीला त्याच्या घरी गेलो. तो नव्हता. त्याच्या बायकोनं, ललितावहिनींनी, चहा ठेवला आणि मी कशाला आलोय ते मी त्यांना सांगून टाकलं. त्यांनी कप माझ्यापुढं सरकवला.

मग म्हणाल्या, "भाऊजी, हे रिटायर झाले तो दिवस आठवतो तुम्हाला?"

मला आठवेना.

"वीस सालचा मे. लॉकडाऊन होतं. शॉपमध्ये चार माणसं, ती पण लांब लांब उभी. गेटवर कपाळाला ते यंत्र लावून ताप बघितला, कागद ट्रेमधून सरकवले, संपलं. घरी येऊन डबा घासला आणि म्हणाले, निघालोच नाही असं वाटतंय. तेव्हापासून पेन्शन येते, पण हे काही रिटायर झालेले नाहीत. अजून रोज डबा घेऊन शर्यतीच्या ऑफिसात जातात."

मी त्या मे महिन्यात बोपोडीतच होतो, दोन गल्ल्या पलीकडे. साधा फोन केला नव्हता. दोन वर्षांआधी ह्याच माणसानं मला तीनशे माणसांसकट गेटपर्यंत सोडलं होतं. मला इतकी लाज वाटली की चहा तसाच राहिला.

तेवढ्यात कचरू आला. मी चाचरत सगळं सांगितलं. शर्यत वाचते, तू जातोस, एवढाच त्याचा अर्थ. तो पिशवी हातात धरून उभ्यानंच ऐकत होता.

"रस्ता राहतोय ना आपल्याकडे?"

"राहतोय."

"मग ठीक आहे." त्यानं पिशवी खुंटीला अडकवली. "समारंभ कधी?"

पुढचे पाच आठवडे त्यानं स्वतःच्या निरोप समारंभाची तयारी केली, कारण दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती. फ्रेम त्यानंच आणली, काचेला तडा नाही ना ते बघितलं. मी लिहिलेलं मानपत्र तपासून त्यातले 'अथक' आणि 'थोर' हे दोन शब्द खोडले. "दमलो होतो बऱ्याचदा," म्हणाला. समारंभ शर्यतीच्या सकाळीच, सुरुवातीच्या रेषेवर. दत्तप्रसादांनी वार्ताहर नाहीत ह्याची खात्री करून शाल घातली. मी मानपत्र वाचलं, पण शेवटच्या ओळी न वाचताच कागदाची घडी घातली. ते वाचन माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट झालं.

मग कचरू काळ्या सायकलवर बसला. गळ्यात हार, खांद्यावर शाल, हँडलला डब्याची पिशवी. समोर पतपेढीच्या नावाची फुगवलेली कमान होती. तेच त्याचं गेट. झेंडा दाखवायला आलेल्या नवीन पोलीस इन्स्पेक्टरना वाटलं, हार घातलेला माणूस पुढं निघाला म्हणजे शर्यत सुरू झाली. त्यांनी झेंडा खाली केला.

एकशे साठ स्पर्धक सुटले. कार्बनच्या हलक्या सायकली, चमकती हेल्मेटं, आणि त्यांच्या पुढं चौसष्ट वर्षांचा कचरू, ऑफिसला निघाल्याच्या चालीनं. एकदोघं बाहेरगावची पोरं बाजूनं पुढं घुसायला गेली, तर मागून कुणीतरी ओरडलं, "ए, थांबा! निरोप चाललाय!" मागच्या स्पर्धकांपैकी निम्म्यांच्या बापांना कचरूनं गेटपर्यंत सोडलं होतं. त्यांना रीत माहीत होती. एकशे साठ जण ब्रेक दाबत, पाय टेकत, पडता पडता सावरत त्याच्यामागून बोपोडीपर्यंत आले. वेळेची नोंद करणाऱ्या यंत्रात ती आमच्या शर्यतीची आजवरची सगळ्यात मंद सुरुवात म्हणून लागली आहे.

कचरूनं एकदाही मागं वळून बघितलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी ललितावहिनी उभ्या होत्या. तो तिथं उतरला, सायकल बाजूला घेतली, आणि सगळी शर्यत त्याच्या शेजारून वडगावकडे सुसाटत गेली. मी मागून स्कूटरवर पोचलो. तो अजून पाठमोराच होता, भिंतीकडे तोंड करून.

"बापूराव, माझ्यामागं कोण कोण होतं हो?"

"सगळे होते," मी म्हणालो. "एकही पुढं गेला नाही."

त्यानं मान हलवली. हँडलची पिशवी सोडवून डबा वहिनींच्या हातात दिला.

"झालो रिटायर," तो म्हणाला.