‘हात तुमचाच आहे, ताई’

परळच्या ज्या रुग्णालयात मी त्वचारोगाचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं, तिथे डॉ. उज्ज्वला तोरसकर मॅडमनी पहिल्याच दिवशी मला चकित केलं. मी धुळ्याहून आलो होतो. आमचे आधीचे सगळे शिक्षक फोन दिसला की वर्गाबाहेर काढणारे. मॅडम आम्हा तीन नव्या निवासी डॉक्टरांना म्हणाल्या, “फोन टेबलावर ठेवा.” आता ते जप्त होणार असं आम्ही धरून चाललो. मॅडमनी स्वतःचाही फोन शेजारी ठेवला आणि आम्हा तिघांना ‘सकाळची ओपीडी’ नावाच्या ग्रुपमध्ये घेतलं. लगेच तिथे एका पाठीवरच्या चट्ट्यांचा फोटो आला. मी सगळ्यांच्या आधी उत्तर टाइप केलं. ते बरोबर होतं.

“छान,” मॅडम म्हणाल्या. “आता पेशंटचं नाव सांग.”

मी मान वर केली. समोरच्या स्टुलावर सदरा काढून बसलेले वयस्कर गृहस्थ आमच्याकडेच बघत होते. त्यांची पाठ मी फोनवर पाहिली होती, त्यांना मात्र नव्हतं पाहिलं.

मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त लिहा, असं या गौरवग्रंथाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा “आठवण प्रसन्न असू द्या” अशी सूचनाही केली. प्रसन्न आठवणी माझ्यापाशी पुष्कळ आहेत. पण ज्या एका प्रसंगाने मला डॉक्टर केलं तो प्रसन्न नाही. तो लिहू का, असं मी मॅडमना विचारलं. “तो गाळणार असशील तर बाकीचंही लिहू नकोस,” एवढंच त्या म्हणाल्या.

आधी त्या ग्रुपविषयी सांगायला हवं. आमच्या विषयात डोळा तयार व्हावा लागतो आणि त्यासाठी पुष्कळ रुग्ण पाहावे लागतात. लहान गावातल्या महाविद्यालयात शिकणाऱ्यांना काही आजार तीन वर्षांत एकदाही दिसत नाहीत. मॅडम रोज सकाळी एक फोटो टाकत, संध्याकाळपर्यंत चर्चा होऊ देत आणि शनिवारी व्हिडिओवर तासभर शिकवत. सावंतवाडीपासून गडचिरोलीपर्यंतचे विद्यार्थी त्यात होते. एकदा मॅडम दादरला भाचीच्या साखरपुड्यात असताना तालुक्याच्या रुग्णालयातल्या एका विद्यार्थिनीने तोंडातल्या फोडांचा फोटो पाठवला. मॅडम हातातली ताटली तशीच ठेवून जिन्यात गेल्या आणि तिला फोन लावला. “आकडीची गोळी नुकतीच सुरू केलीय का? ती आत्ताच्या आत्ता बंद कर. जिल्ह्याला हलव, मी बोलते तिकडे.” तो रुग्ण वाचला. मॅडम परत येईपर्यंत साखरपुडा उरकला होता.

आता माझा प्रसंग.

सविताताई घोडपदेवच्या एका चाळीत राहत. तिथल्याच विहाराच्या हॉलमध्ये बालवाडी चालवत. त्यांना कुष्ठरोग झाल्याचं आमच्याकडे निदान झालं होतं. औषध सुरू होऊन काही महिने झाले होते आणि त्यांच्यापासून कुणालाही लागण होण्याचा धोका उरला नव्हता. या आजारात उपचार चालू असताना कधी कधी शरीर उलट खवळतं, अंगावर दुखऱ्या लाल गाठी येतात. ताईंच्या हातावर त्या इतक्या ठळक आल्या होत्या की मला राहवलं नाही. मी फोटो काढला. चेहरा येणार नाही याची काळजी घेतली. केसपेपरसाठी त्यांची सही होतीच. ग्रुपचं मात्र मी त्यांना काहीच सांगितलं नाही. फोटोखाली निदान लिहून तो पाठवून दिला. मॅडमनीही “उत्तम केस” असं लिहिलं.

ताईंच्या मनगटाच्या वर ‘जयभीम’ असं गोंदलेलं होतं आणि त्याखाली मुलीचं नाव, ‘प्रज्ञा’. ते फोटोत आलंय हे ना माझ्या लक्षात आलं, ना मॅडमच्या.

दहाएक दिवसांनी ताई ओपीडीत आल्या. त्या दिवशी त्यांची तारीख नव्हती. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. ग्रुपमधल्या कुणीतरी तो फोटो बाहेर पाठवला होता आणि हस्ते-परहस्ते तो त्यांच्या चाळीच्या ग्रुपपर्यंत गेला होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘ह्या बाई आपल्या पोरांना खाऊ भरवतात.’

“डॉक्टर, हा हात माझाच ना?”

आणि मी जे बोललो ते लिहिताना आजही हात थांबतो. मी म्हणालो, “असे हात पुष्कळांचे असतात, ताई.”

शेजारच्या टेबलावर मॅडम दुसऱ्या रुग्णाला तपासत होत्या. त्या उठल्या. फोन हातात घेऊन त्यांनी फोटो मोठा करून पाहिला.

“हात तुमचाच आहे, ताई,” त्या म्हणाल्या. “फोटो आमच्याकडून गेला. तुम्हाला न विचारता गेला.”

ताई रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “आज अकरा पोरं आली नाहीत. सोळातली अकरा.”

त्यानंतरच्या दोन दिवसांत मला धक्क्यावर धक्के बसले. प्रशासनातल्या एका अधिकाऱ्यांनी मॅडमना समजावलं की लेखी काही देऊ नका, प्रकरण आपोआप निवेल. मॅडमनी त्याच दुपारी घडलं ते सगळं लेखी दिलं आणि ग्रुपची जबाबदारी आपली असल्याचं त्यात नमूद केलं. संध्याकाळी त्यांनी ग्रुप बंद करत असल्याचं कळवलं. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. मुलांनी विनवण्या केल्या, काहींनी राग काढला. मॅडमनी एकच ओळ लिहिली: ‘आपल्यातल्या एकाने फोटो पाठवला, एकाने बाहेर दिला आणि मी तो पाहून शाबासकी दिली.’

मग त्यांनी सविताताईंना फोन करून विचारलं, की पालकांशी बोलायला आलेलं चालेल का, आणि किती सांगायचं. ताई म्हणाल्या, “सगळं सांगा. निम्मं त्यांना कळलंय, ते पण चुकीचं.”

रविवारी मॅडम मला घेऊन घोडपदेवला गेल्या. मी वाटेत विचारलं, “मॅडम, मी काय बोलू?” त्या म्हणाल्या, “मला काय ठाऊक?”

विहाराच्या हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं होती. मॅडमनी आजार म्हणजे काय, तो औषधाने कसा बरा होतो, औषध सुरू झाल्यावर पसरत का नाही, हे साध्या शब्दांत सांगितलं. एका तरुण बापाने विचारलं, “बोलायला सोपंय, मॅडम. तुमचा नातू असता तर पाठवला असता का?”

मॅडम म्हणाल्या, “मला नातू नाही. नसलेल्या नातवाच्या जिवावर हो म्हणणं सोपं आहे, म्हणून तसं म्हणत नाही. मी तीस वर्षं या रुग्णांना रोज हात लावतेय. घरी गेल्यावर त्याच हाताने भाकरी थापते. एवढं सांगू शकते.”

“आणि फोटो कोणी टाकला?” मागून एका बाईने विचारलं.

मला वाटलं, मॅडम आता ‘आमच्या विभागाकडून’ असं काहीतरी म्हणतील. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. फक्त थांबल्या.

मी उभा राहिलो. “मी टाकला. आणि ताईंनी विचारलं तेव्हा त्यांच्याशी खोटं बोललो.”

हॉलमध्ये एकच गलका झाला. कुणी म्हणालं, याच्यावर केस करा. कुणी म्हणालं, डॉक्टरकी काढून घ्या. त्या गोंधळात कोपऱ्यातून सविताताईंचा आवाज आला. “बसू द्या त्याला. निदान खरं तर बोलला. तुमच्यातला कोणी उभा राहतोय का, खाऊचं लिहिणारा?”

कुणीही उभं राहिलं नाही. मी खाली बसलो.

सगळं सुरळीत झालं असं लिहिण्याचा मोह मला होतो, पण ते खरं नाही. महिनाभरात नऊ मुलं परत आली. दोन घरांनी मुलं पाठवली नाहीत ती नाहीतच. मॅडमना लेखी ताकीद मिळाली, विभागप्रमुखपद दोन वर्षं लांबलं. याबद्दल एक शब्दही त्यांनी मला कधी ऐकवला नाही. त्या रविवारी परतताना भायखळ्याला चहा पाजला आणि म्हणाल्या, “उद्या वेळेवर ये. आणि जेवून झोप.”

ग्रुप पुन्हा सुरू करायचा की नाही, हे विचारायला मॅडम सविताताईंकडेच गेल्या. आम्हाला वाटलं, ताई नाहीच म्हणतील. ताई म्हणाल्या, “शिकणार कशी मग पोरं? फोटो काढा की. पण काय पाठवताय ते आधी आम्हाला दाखवा. कुठे जाणार ते सांगा. आणि नको म्हटलं तर तोंड वाकडं करू नका.”

आज ‘सकाळची ओपीडी’त जो नियम आहे तो यातल्या शेवटच्या तीन वाक्यांचाच आहे. दरवर्षी नवे विद्यार्थी येतात तेव्हा व्हिडिओवरचा पहिला तास मॅडम घेत नाहीत, सविताताई घेतात. पहिल्यांदा शंभरेक मुलांसमोर पडद्यावर येऊन त्यांनी सुरुवात केली, “माझं नाव सविता. तो हात माझा.”

गेल्या महिन्यात मॅडम माझ्याकडे स्वतःच्या पाठीवरचा एक तीळ दाखवायला आल्या. तीळ निरुपद्रवी होता, पण दिसायला फार वेगळा. माझ्या विद्यार्थिनीने फोटो काढून आधी त्यांना दाखवला, तो कुठे जाईल ते सांगितलं आणि विचारलं, “मॅडम, पाठवू?”

“नको,” मॅडम म्हणाल्या.

मी थक्क झालो. हजारो रुग्णांकडे फोटो मागणाऱ्या मॅडम नको म्हणतात? विद्यार्थिनीने “बरं” म्हणून त्यांच्यासमोरच फोटो पुसून टाकला आणि हसतमुखाने केसपेपर परत दिला.

बाहेर पडताना मॅडम मला हळूच म्हणाल्या, “नको म्हणता येतं का, ते बघायचं होतं मला. येतं.”

मॅडम, तुमची प्रकृती उत्तम राहो, हात असेच स्थिर आणि नजर अशीच तीक्ष्ण राहो. तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, आणि त्यातली पुष्कळ वर्षं आम्हाला धक्के देण्यात जावोत.