धाग्यावरचा कोश

"ज्याले तुटला दिसला, त्यानं जोडावा."

रामाजी गुरुजींचे हे बोलणे ज्याच्या कानावरून गेले नाही असा माणूस इतवारीपलीकडच्या त्या विणकर मोहल्ल्यात शोधूनही सापडला नसता. नळावर भांडण झाले की गुरुजी हेच म्हणत. शाळेचे छप्पर गळले तरी हेच. फळ्यावर सन लिहिताना स्वतः चुकले आणि एखाद्या पोराने हात वर केला, की खडू त्याच्या हातात देत आणि हेच म्हणत.

हे बोल कुठले, ते गल्ली पाहिलेल्यालाच कळते. ऊन चढण्याआधी विणकर आपला ताणा, म्हणजे लुगड्याचे उभे धागे, गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून धरीत. त्याला भाताची खळ लावीत, कुंचल्याने विंचरीत. नदी आडवी होऊन मोहल्ल्यात निजली आहे असे ते धागे दिसत. विंचरताना एखादा तुटे. मग ताणा कोणाचाही असो, जाणारा-येणारा थांबे, दोन टोके चिमटीत धरून पीळ देई आणि पुढे जाई. रामाजीच्या बापाचा ताणाही ह्याच गल्लीत पसरत असे. पुढे घरातला माग बंद पडला, पोरगा शिकला, मोहल्ल्याच्याच शाळेत मास्तर झाला. लोकांना त्याचा मान वाटे, आणि त्या मानाची रामाजी गुरुजींना सवय झाली. चतुर्थी कधी, दिल्लीत कोण मंत्री झाले, पोराचे नाव काय ठेवावे, सगळे त्यांच्याच ओट्यावर येऊन विचारायचे.

सन चौऱ्याहत्तरला मौद्याकडच्या शामलाबाई शाळेत रुजू झाल्या. वयाने लहान, बोलायला हळू. त्याच साली शाळेच्या ग्रंथालयात ज्ञानकोशाचे जाडजूड खंड आले. बाईंनी नववीच्या पोरांपुढे एक खंड उघडला आणि म्हणाल्या, "पाहा बरं, यात आपला मोहल्ला सापडते का."

पोरांनी शोधले. फ्रान्स सापडला, फुलपाखरू सापडले. मोहल्ला सापडला नाही.

"मंग आपणच लिहू," बाई म्हणाल्या.

असा तो कोश सुरू झाला. वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत बाईंनी सुती धागे बांधले. पोरे एकेका कागदावर एकेक गोष्ट लिहीत आणि धाग्याला अडकवीत. गल्लीतली विहीर, खळ कशी शिजवतात, पोळ्यानंतरची मारबतीची मिरवणूक. प्रत्येक कागदाखाली एक ओळ हवीच: हे कोणी पाहिले, कोणाला विचारले. दुसऱ्याच्या कागदात चूक दिसली तर तो फाडायचा नाही, खोडायचा नाही. खरे काय ते चिठ्ठीवर लिहून खाली बांधायचे. आणि कशावरही लिहिणाऱ्याचे नाव घालायचे नाही.

भिंतीवर, धाग्यांच्या वर, बाईंनी रंगीत खडूने लिहिले होते: ज्याले तुटला दिसला, त्यानं जोडावा.

गुरुजी दारावरून जाताना थबकले. ऊर भरून आला. आत शिरून त्यांनी जवळच्या पोराला विचारले, "काय गा, हे वाक्य कोनाचं?"

"बाईंचं. त्यायनंच तर लिहिलं," पोरगा म्हणाला आणि आपली चिठ्ठी बांधू लागला.

त्या दिवसापासून गुरुजींच्या पोटात निखारा पडला. तो विझेना. शाळा सुटल्यावर पोरे घरी न जाता कोशाजवळ रेंगाळत, ते त्यांना दिसे. ओट्यावर आता कोणी येईना, तेही दिसे. विहीर किती जुनी हे विचारायला पोरे विहिरीवरच जात, काठावरच्या दगडावर कोरलेले वाचत, तिथे पाणी भरणाऱ्या बायांना विचारत. गुरुजींना विचारावे असे कोणाला सुचत नसे. बाईंच्या वर्गातून हसण्याचा आवाज आला की त्यांच्या वर्गातला पाढा मोठा होई. डब्यातली भाकर तशीच घरी येऊ लागली.

"काय जी, भाकर कडू लागून राहिली का?" प्रयागबाईंनी, त्यांच्या बायकोने, विचारले.

"भूक नाही."

"भूक आहे. ते बाईच्या वर्गात जाऊन बसली."

मुख्याध्यापक मनोहरराव साधे गृहस्थ. गुरुजींनी त्यांच्याकडे तक्रार नेली, की पोरे अभ्यास सोडून धागे ओढत बसतात. मनोहररावांना वाटले, गुरुजींना मदत करायची आहे. म्हणाले, "मंग तुम्हीच जा नं नववीवर. पोरायले लेख दुरुस्त करनं शिकवा. तुमच्यासारखा हात कोनाचा आहे?"

गुरुजी गेले. खिशात लाल शाईचा पेन घेऊन गेले. शिकवायचे ते त्यांनी मनापासून शिकवले, हे कबूल केले पाहिजे. वाक्य कसे आवरावे, ऐकीव कुठले आणि पाहिलेले कुठले, हे त्यांच्याइतके चांगले कोणी सांगू शकले नसते. पण सांगता सांगता पेन उघडे. पोराच्या ओळीवर रेघ पडे आणि वर गुरुजींची ओळ येई. कागद सुंदर होई आणि पोराचा राहत नसे. आठवडाभरात निम्म्या धाग्यांवर एकाच माणसाचे बोलणे लटकू लागले.

जयवंता नावाची विणकराची मुलगी होती, सावळी, हट्टी. तिचा खळीवरचा कागद लाल झालेला पाहून म्हणाली, "गुरुजी, तुम्ही खोडून राहिले. बाई तर जोडा म्हणतात."

"बाईले कोनं शिकवलं जोडा म्हनून?"

ही म्हण जयवंताने गुरुजींच्याही तोंडून ऐकली होती. पण बाईंनी ती कुठून घेतली ते तिला खरेच ठाऊक नव्हते.

तेवढ्यात बातमी आली की शिक्षणखात्याचे अधिकारी सोमवारी शाळा पाहायला येणार, आणि त्यांना कोश दाखवायचा. मनोहरराव म्हणाले, "शामलाबाईचा कोश पाहून सायेब खूश होतीन." शामलाबाईचा कोश. गुरुजींनी ते दोन शब्द घरी नेले आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

शनिवारी त्यांनी एक कागद लिहिला. अक्षर असे, की छापखान्याने लाजावे. "वरील वाक्य श्री. रामाजी गुरुजी यांचे असून, या शाळेत ते प्रथम त्यांनीच सांगितले. कोशाची मूळ कल्पना त्यातूनच निघाली." खाली, कोणाला विचारले त्या जागी, लिहिले: स्वतः. आणि सगळ्यात वरच्या धाग्याच्या मधोमध तो अडकवला.

शामलाबाईंनी वाचला. त्यांचा चेहरा उतरला, कारण मोहल्ल्यात नव्या असताना ते वाक्य त्यांनी गुरुजींच्याच तोंडून ऐकले होते. पोरांना तेवढे सांगायचे राहून गेले होते. त्या पोरांना म्हणाल्या, "हे खरं आहे. मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं."

पण कोशाचा नियम पोरांच्या अंगात भिनला होता. "स्वतः म्हणजे कोनाले विचारलं?" जयवंता म्हणाली. रविवारी ती आणि दोघी मैत्रिणी गुरुजींच्या घरी गेल्या. गुरुजी बाजारात गेले होते. प्रयागबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"काकू, ते जोडावा म्हनून म्हन आहे नं, ते गुरुजीनं बनवली का?"

प्रयागबाई हसल्या. "अवं, मी लग्न होऊन आली तवा माहा सासरा म्हने ते. त्याच्याआधी त्याचा बाप म्हनत असन. सारी गल्लीच म्हने. गुरुजी तर अर्धीच सांगतात. उरलेली घरी ठेवून जातात."

"उरलेली कोनती?"

प्रयागबाईंनी सांगितली. साहेबांच्या तयारीसाठी शाळा त्या दिवशीही उघडी होती; पोरी तशाच तिकडे गेल्या.

सोमवारी शिपायाने कुलूप काढले न काढले तोच गुरुजी शाळेत पोचले. आपला कागद नीट सरळ आहे ना ते पाहायचे होते. कागद होता, आणि त्याच्याखाली चिठ्ठी बांधलेली होती. जयवंताचे अक्षर:

"हे बोल गल्लीचे आहेत. पूर्ण असे: ज्याले तुटला दिसला त्यानं जोडावा, जोडला का मुकाट्यानं आपल्या वाटेले लागावं. गुरुजींच्या घरी विचारले."

गुरुजींना आपला बाप दिसला. दुसऱ्याच्या ताण्याला पीळ देऊन, मालक घरातून बाहेर येण्याआधी निघून जाणारा. लहान असताना त्यांनी विचारले होते, "बाबा, आपन जोडला म्हनून सांगा नं त्याले." बाप म्हणाला होता, "सांगतलं का तो आपला झाला. धागा त्याचा आहे." उरलेली म्हण गुरुजींना ठाऊक होतीच. ती म्हणायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती.

पण निखारा आठवणीने विझत नाही. साहेब दहाला येणार होते. चिठ्ठी काढून टाकली तर कोणाला कळणार होते? त्यांनी ती ओढली. जयवंताने गाठ विणकराची मारली होती, ती सुटली नाही. त्यांनी हिसका दिला. मधोमध धागा तुटला आणि एक अख्खी ओळ, विहीर, खळ, मारबत, पोरांचे महिन्या-दोन महिन्यांचे लिहिणे फरशीवर सांडले.

 गुरुजी खाली बसले. कागद एकेक करून झाडले, होते त्या क्रमाने लावले. तुटलेली दोन टोके हाती घेतली, जिभेने ओली केली, चिमटीत धरून पीळ दिला. कित्येक वर्षांनी बोटे ते करत होती, आणि ती विसरली नव्हती. जोड इतका बारीक बसला की हात फिरवूनही लागला नसता. मग सगळे कागद पुन्हा अडकवले. जयवंताची चिठ्ठीही अडकवली. आपला कागद तेवढा घडी करून खिशात घातला.

बाहेर पडले तेव्हा पटांगणातल्या हातपंपाजवळ, साहेबांसाठी लवकर आलेल्या शामलाबाई आणि जयवंता पाण्याची कळशी भरत होत्या. दोघींनी वर्गाच्या उघड्या दारातून सारे पाहिले होते. गुरुजींनी त्यांच्याकडे मान वळवली, ओठ हलले, काही सांगायला तोंड उघडते असे वाटले. ते मिटले. धोतराचा सोगा सावरून ते पटांगण ओलांडू लागले, फाटकापर्यंत ताठ गेले.

फाटकाशी मात्र एकदा वळून पाहिले, ह्या दोघी अजून पाहत आहेत ना म्हणून.

त्या पाहत होत्या. मग ते गेले.