कोरी जागा पाहून मारलेला शिक्का

आता काय सांगू तुम्हाला! शिक्का मारण्यात चुकलेला कारकून कधी पाहिला आहे का? नसेल, तर चहा येईपर्यंत नीट पाहून घ्या. तुमच्यासमोरच बसला आहे.

गोष्ट इंग्रजी अमदानीतली. शहाद्याच्या एका वाचनालयात मी तात्पुरता कारकून होतो. ‘तात्पुरता’ या शब्दात किती भीती भरलेली असते, ते कायम झालेल्यांना कळायचं नाही. अध्यक्ष होते नानासाहेब वकील. एके दिवशी कुणा शेटजींनी वाचनालयाला मॅजिक लँटर्न दिला. म्हणजे चित्रं दाखवायचा दिवा, आणि त्यासोबत काचेवरच्या चित्रांची पेटी. दिव्यात काच सरकवायची, की समोर टांगलेल्या धोतरावर भलंमोठं चित्र!

नानासाहेबांनी पेटी माझ्या टेबलावर ठेवली. “यांची रीतसर नोंद करा. पुस्तकाला जो नियम, तोच काचेला. एकही काच बिनशिक्क्याची दिसली, तर कायम होण्याचं विसरा.”

आली का पंचाईत? नोंदवहीतले रकाने सगळे पुस्तकांचे. लेखक? ‘माहीत नाही.’ पृष्ठे? ‘एक, आरपार दिसते.’ बांधणी? ‘काच.’ इथवर माझं डोकं बरं चाललं होतं.

मग आला शिक्का. आमचा शिक्का गोल, जांभळा. कडेनं वाचनालयाचं नाव, मध्ये उघडं पुस्तक. मजकूर झाकायचा नाही, कोऱ्या जागी मारायचा, हा नियम. मी एकेक काच उजेडाला धरली. चित्रात कोरी जागा कुठली? आभाळ! दिला आभाळात ठोकून. एका चित्राला मात्र आभाळच नव्हतं. विलायतेचे बादशहा, तलवार टेकून उभे. तोंडावर मारावा, तर राजद्रोह. खाली पाहिलं, तर पांढरीशुभ्र विजार! एवढी कोरी जागा बघून कुठल्या कारकुनाचा हात थांबेल?

चित्राची बाजू खराब व्हायला नको, म्हणून सगळे शिक्के मारले काचेच्या पाठीवर. शाई ठरेना, तर सुताराकडून वार्निश आणून वरून फासलं. काळजी घ्यायला बसलो, की मी कुणाला ऐकत नाही!

तेवढ्यात दवाखान्याचे डॉक्टर दिवा मागायला आले. लोणखेड्याच्या पलीकडे एक खेडं होतं. तिथे घरटी एकाच्या पायातून नारू, म्हणजे दोऱ्यासारखा लांब जंत, निघायचा. लोक पायऱ्यांच्या विहिरीत गुडघाभर उतरून पाणी भरायचे, आणि तेच प्यायचे. “उतरू नका, पाणी गाळून प्या, त्यात बारीक किडे आहेत,” हे सांगून डॉक्टरांचा घसा बसला होता. लोक म्हणत, “किडा शे ना पानीम्हा? मंग दखाड!” आता एवढासा किडा दाखवायचा कसा? पेटीत विहिरींची, पाणवठ्यांची चित्रं होती, त्यांनी तरी समजूत पटेल, अशी बिचाऱ्यांना आशा.

अंधार पडला. अख्खं गाव चावडीपुढे जमलं. माझ्या शेजारी खुर्चीवर नानासाहेब. डॉक्टरांनी विहिरीची काच सरकवली.

विहिरीवरच्या आभाळात गाडीच्या चाकाएवढं जांभळं काहीतरी लटकत होतं! पाठीवर मारल्यामुळे नाव उलटं उमटलेलं. अक्षरं कसली, कडेनं पायच पाय! आणि मधलं पुस्तक? वासलेला जबडा!

“माय व! हाऊ काय शे?” पुढे बसलेली भुरीआजी ओरडली. तिच्या सुनेच्या पायातून नुकताच नारू निघाला होता.

“किडा शे, किडा!” मागून कुणीतरी म्हणालं.

“इतला मोठा? मन्ही घागरम्हा कसा मावस हाऊ?”

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “काचेवरचं मोठंच दिसतं, आजी.” खोटं नव्हतं हो!

दुसरी काच, नदी. “आठे बी शे!” तिसरी, तळं. “आठे बी!” लोक मागे सरकू लागले. शेवटी बादशहा दाखवायची रीत. मी डॉक्टरांचा कोट ओढत होतो; पण त्यांना आता जोर चढला होता.

काच सरकली, आणि बादशहांच्या पांढऱ्याशुभ्र विजारीवर तोच जांभळा जबडा!

“बादशहाले बी नारू व्हई गया!”

भुरीआजीनं डोळ्याला पदर लावला. “राजवाडाम्हा कोन्ही पानी गाळी देत नही का रे त्याले?”

परतताना बैलगाडीत नानासाहेब म्हणाले, “काचांना शिक्के मारले होते ना?”

“एकूण एक, साहेब.”

“मग मला एकही कसा दिसला नाही?”

मी मनात म्हटलं, सगळ्या गावाला दिसला होता!

“सोमवारी काचा आणि शिक्का घेऊन माझ्यासमोर बसा.”

सोमवारी बसलो. कायम होण्यावर मनातल्या मनात पाणी सोडलं होतं. “शिक्का उमटतो तरी का, बघू,” नानासाहेब म्हणाले. मी कागदावर ठोकला. नेमके त्याच वेळी डॉक्टर भुरीआजीला घेऊन दारात आले. गावानं घागरींना फडकी बांधली होती. आता आजीला तो दिवा माहेरच्या गावी न्यायचा होता. तिची नजर कागदावर गेली, तशी ती उलट्या पावली पळायला लागली.

“डागतर, पया! किडा आठे शे! हाऊ बाबूच पाळस त्याले!”

नानासाहेबांनी कागद पाहिला. बादशहांची काच उचलून उजेडाला धरली. मग माझ्याकडे पाहिलं. आणि हसता हसता त्यांचा चष्मा टेबलाखाली गेला!

“साहेब, माझ्या घशाला जमलं नाही ते यांच्या शिक्क्यानं केलं,” डॉक्टर म्हणाले. “यांना काढू नका.”

“काढत नाही, कायम करतो,” नानासाहेब चष्मा शोधत म्हणाले. “फक्त शिक्का इथून पुढे माझ्या कपाटात.”

तर असा मी कायम झालो आणि यथावकाश निवृत्तही झालो. पण त्या खेड्यातलं कुणी जुनं माणूस घरी आलं, मी पाण्याचा तांब्या पुढे केला, की ते खांद्यावरचं उपरणं काढतं, आणि माझ्यादेखत तांब्याच्या तोंडाला लावतं.

आणि तुम्ही काय असे कपात डोकावताय? चहा गाळलेला आहे हो, प्या!