शिखर कुणाचं

विद्यापीठातल्या आमच्या प्रयोगशाळेचे मदतनीस काका पडेगावहून सायकलनं यायचे. आल्याबरोबर सिलिकॉनचा तुकडा यंत्राखाली ठेवून आलेखावर त्याची ठरलेली रेषा जागेवर उमटते का, ते बघायचे. त्याआधी कुणालाच नमुना लावू देत नसत. "आधी वळखीचं बघावं, मग नवं," म्हणायचे.

अर्धवाहकावर लेझर पाडायचा आणि विखुरलेल्या प्रकाशातून आतल्या अणूंची थरथर ओळखायची, हे माझं काम. एका दुपारी आलेखावर कुठल्याच पुस्तकात नसलेलं टोकदार शिखर उमटलं. दुसऱ्या दिवशी पाठवायच्या शोधनिबंधात मी ते लगेच घातलं.

मदतनीस काकांनी आलेख बघितला. मग त्यांनी लेझरची झडप बंद केली.

"आता मोजा बरं, म्याडम."

नमुन्यावर लेझर नव्हता, तरी शिखर तसंच उभं होतं.

"हे वरच्या ट्यूबलाइटचं हाय. तुमच्या नमुन्याचं नाय."

मी चिडून म्हणाले, "आजच सांगायचं होतं का?"

"उद्या सांगून काय उपेग?"

त्यांनी दिवा मालवला आणि नमुना पुन्हा नीट बसवून दिला. निबंध आठवडाभर उशिरा गेला, पण त्यातल्या एकाही रेषेबद्दल परीक्षकांना उत्तर देताना मी कधी अडखळले नाही.