झटका नेमका कधी आला?

तीस वर्षं बाइंडरकाकांनी फाटकी पुस्तकं शिवली, दाबयंत्राचं जड चाक फिरवलं. हात भरून आला की दोष चाकाचा. अलीकडे मात्र दुकानाचे दोन जिने चढताना धाप लागू लागली. शेवटी काकूंनीच त्यांना बखोट धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कार्डिओग्राममध्ये काहीतरी खटकलं, म्हणून हृदयाचा एमआरआय ठरला.

अरुंद बोगद्यात काका पाऊण तास पडून होते. शिरेतून औषध जात होतं, कानाशी ठोकाठोक आणि वर हुकूम, "श्वास सोडा. थांबा." काका इतके मनापासून थांबायचे, की "आता घ्या" दोनदा सांगावं लागायचं.

दोन दिवसांनी बाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. हृदयाच्या काळ्या भिंतीला आतून एक पांढरी रेघ होती.

"हा जुना व्रण. तुम्हाला हार्ट अटॅक येऊन गेलाय."

"मला? कधी?"

"ते चित्रातून कळत नाही. वर्ष झालं असेल, पाच झाली असतील. पण रेघ पातळ आहे. बाकीची भिंत जिवंत आहे, तिला रक्त कमी पडतंय. शीर मोकळी केली तर फायदा होईल."

फायद्याचं काकांच्या डोक्यात शिरलंच नाही. एवढी मोठी गोष्ट घडली आणि ज्याच्या छातीत घडली त्यालाच पत्ता नाही?

घरी दोघं दिवस शोधायला बसले.

"धाकटीच्या लग्नात तुम्ही भरल्या ताटावरून उठलात, तेव्हाच!" काकू म्हणाल्या.

"अगं, नवे बूट चावत होते."

"मग कपाट हलवलं त्या दिवशी?"

"तेव्हा ताप होता."

 मग काकू हळूच म्हणाल्या, "एकदा तुम्हाला दरदरून घाम फुटला होता. मी अ‍ॅसिडिटीची गोळी दिली आणि म्हटलं, नाटकं पुरेत."

काकांना यातलं काहीच आठवेना. बायकोची समजूत घालावी, तर कशाबद्दल? रागवावं, तर कोणावर?

महिन्याभरात शिरेत स्टेंट बसला. जिने आता सोपे झालेत. संध्याकाळी काकू विचारतात, "आज कसं वाटतंय?" पूर्वी तोंडातून "बरं" आपोआप निघायचं. आता काका हातातलं काम थांबवतात, छातीवर तळवा ठेवतात, आणि खरंच कसं वाटतंय ते त्यांना सांगता येत नाही.